वाफसा येईपर्यंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. हिवाळा ओसरतोय, आणि यंदा पहिल्यांदाच तुझं सगळं घर शेतात उतरणार आहे. पत्राच्या शेवटी तू विचारलंस : देवावर भरवसा असेल तर एवढ्या तपासण्या कशाला, आणि तपासण्या केल्यावर देवाकडे मागायचं तरी काय? याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही. कामांच्या ओघातच लिहितो.

माती गार आहे तोवर बियाणं तपासून घे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं काढ, एकत्र कर आणि न निवडता १०० दाणे मोज. टपोरे तेवढे वेचलेस तर तपासणी खोटी ठरेल. ओल्या सुती कापडावर १०-१० च्या ओळी लाव, वरून दुसरं ओलं कापड टाक, सैल गुंडाळी कर आणि उबदार जागी ठेव. कापडातून पाणी ठिबकत असेल तर दाण्यांना हवा मिळत नाही, ते कुजतात. बहुतेक धान्यांची मोजणी ७-८ दिवसांत होते. नुसता मोड दिसला म्हणून दाणा धरू नकोस, मूळ आणि कोंब दोन्ही धड हवेत. हे काम मुलांकडे सोपव, ती मनापासून मोजतात. एकरी १० किलोचा हिशोब ९० टक्के उगवणीवर बसवलेला असेल आणि तुझे ७५ च उगवले, तर १० गुणिले ९० भागिले ७५, म्हणजे १२ किलो लागेल. उगवण निम्म्यावर आली असेल तर मात्र बी वाढवून पेरू नकोस, बियाणंच बदल. अशा जुन्या बियाण्यातले जे दाणे उगवतात, त्यांच्यातही जोर कमी असतो.

आता बघ, शंभरातले किती उगवतील हे कापड सांगतं. कुठले उगवतील, हे सांगत नाही. सगळ्यांना सारखंच मातीआड करावं लागतं. मला श्रद्धा भेटते ती इथे, तपासणी संपते त्या जागी.

सगळ्यात अवघड काम वाफशाची वाट बघणं, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, कसण्याजोगी होईपर्यंत थांबणं. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असतो. म्हणून १०-१५ सेंटीमीटर खालची माती मुठीत दाब आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून सोड. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. तसाच राहिला किंवा नुसता चपटा झाला, तर औत आणि ट्रॅक्टर बांधावरच राहू दे. ओल्या मातीत यंत्र घातलं की कणांमधल्या पोकळ्या दबतात, ढेकळं विटेसारखी वाळतात आणि खाली थर घट्ट बसतो. मुळं त्या थरावर अडून आडवी पसरतात. एका दिवसाच्या घाईचं हे नुकसान पुढचे दोन-तीन हंगाम निस्तरावं लागतं. शेजारी आधी सुरू झाला तरी जीव खालीवर करू नकोस. त्याची जमीन रेताड असेल तर ती लवकर निचरते आणि लवकर तापते. भारी काळी जमीन मागेच राहणार. शेतातली घाई बहुतेक वेळा भीतीतून येते, आणि विश्वासाची खरी परीक्षा मला पेरणीपेक्षा या थांबण्यात जास्त वाटते.

वाफसा आला तरी मातीची ऊब बघायची राहते. सकाळी ५ सेंटीमीटर खोल थर्मामीटर खोच, ओळीने तीन-चार दिवस. वाटाणा, पालक ५ अंशाच्या आसपासही हळूहळू उगवतात. मक्याला किमान १० अंश हवेत, घेवड्याला १५. गार मातीत मक्याचा दाणा पहिल्या एक-दोन दिवसांत जे पाणी पितो, त्यानेच त्याच्या आतल्या पेशी फाटतात. नंतर ऊन पडूनही तो सावरत नाही.

पेरणीयंत्राच्या नळ्या आधी उघडून बघ, हिवाळ्यात उंदीर त्यांत घरटी करतात. मग चाक उचलून हाताने फिरव. चाकाचा घेर २ मीटर आणि पेरणीची रुंदी २ मीटर असेल, तर २५ फेऱ्यांत १०० चौरस मीटर होतात, जवळपास एक गुंठा. तेवढ्यात पडलेलं बी तोलून घे, त्याला ४० ने गुणलं की एकराचा अंदाज मिळतो. शेतात चाक थोडं घसरतं, म्हणून पहिल्या दोन तासांनंतर पेटीतलं बी पुन्हा बघ. दात्यांचे नट, साखळी, वंगण हे तुला सांगायला नको.

एकूण बियाण्यातला दहावा हिस्सा मात्र बाजूला राखून ठेव. उघड्या आभाळाच्या, वारा पडलेल्या रात्री गार हवा सखल भागात साचते, दव गोठतं आणि कोवळी रोपं काळी पडतात. तिथे दुबार पेरायला हे बी लागतं. असं राखून ठेवणं म्हणजे अविश्वास, असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही. रोप जगेलच असं वचन आपल्याला कुणी दिलेलं नाही. पुन्हा पेरायची ताकद मागता येते, आणि ती मागणाऱ्याने बी राखलेलं असावं.

पेरणीआधी घरातले सगळे बांधावर क्षणभर उभे राहा. ज्याला जशी येईल तशी प्रार्थना करू दे, पण ‘इतकं पिकव, मग इतकं देईन’ असा सौदा नको. पहिल्याच गारपिटीत तो सौदा मोडतो, आणि त्याबरोबर माणूसही. पेरून झाल्यावर माती उकरून बघायचा मोह होईल, तोही आवर. कोवळा कोंब त्या उकरण्यानेच मोडतो. पाणी फार झालं असेल तर चर काढ, वरचा थर कडक झाला असेल तर हलकी खुरपणी कर, आणि बाकी मातीवर सोड.

आज रात्री कापड भिजव. आठव्या दिवशी मुलांनी मोजलेला आकडा मला कळव, मग बियाण्याचा हिशोब मिळूनच करू.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र