गर्दची तलफ दहा दिवसांत जात नाही : मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गर्द (हेरॉइन) किंवा अफूजन्य गोळ्यांच्या रुग्णाला दहा-पंधरा दिवस ठेवून 'व्यसनमुक्त' म्हणून घरी पाठवणे धोक्याचे आहे. एवढ्या काळात संपते ती फक्त 'टर्की', म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास. हातापायांत गोळे, जुलाब, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा हे त्रास हेरॉइन बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतात आणि आठवडाभरात बरेचसे ओसरतात. तलफ मात्र तिथेच असते.

तिचे कारण मेंदूत आहे. मध्यमेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या पेशींवर 'गाबा' या रसायनाचा लगाम असतो. अफूजन्य पदार्थ 'म्यू' ग्राहींना (पेशींवरच्या, रसायन चिकटण्याच्या जागांना) चिकटून तो सैल करतात आणि न्यूक्लियस अकम्बन्स या मेंदूतल्या सुखाच्या केंद्रात डोपामाइनचा लोंढा येतो. ही वाट खरे तर जेवण, शाबासकी, हातात पडलेला पगार यांच्यासाठी. दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांत डोपामाइनचे डी-2 ग्राही सरासरीने कमी आढळले आहेत. पैसे जिंकायच्या खेळात त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद अनेक अभ्यासांत मंद दिसतो. सुई किंवा पावडरीचे छायाचित्र दाखवले की मात्र हीच यंत्रणा खडबडून जागी होते. निष्कर्ष सगळीकडे एकसारखे नाहीत, आणि ही गटांची सरासरी आहे. एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढून व्यसनाचे निदान होत नाही. तेव्हा या नावाखाली एमआरआय खरेदीचा प्रस्ताव आला तर कृपया परत पाठवावा.

खर्च करायचा तो ब्युप्रेनॉर्फिन या जिभेखाली ठेवायच्या गोळीवर. हे औषध म्यू ग्राहीवर घट्ट बसते पण अर्धेच काम करते: तलफ शमते, नशेचा झटका येत नाही, श्वास ठरावीक मर्यादेपलीकडे सहसा मंदावत नाही. (सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर हा भरवसा संपतो; रुग्णाला हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.)

बिघडते ते बहुधा पहिल्याच दिवशी. अंगात हेरॉइन ताजे असताना गोळी दिली तर ती हेरॉइनला हुसकावून जागा घेते, टर्की एकदम कोसळते आणि रुग्ण पुन्हा तोंड दाखवत नाही. शेवटच्या हेरॉइननंतर किमान 12 तास थांबावे. जांभया, घाम, मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या की 2 ते 4 मिलिग्रॅमने सुरुवात करावी. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात. गिळली तर बहुतांश वाया. पुढे बहुतेकांना रोज 8 ते 16 मिलिग्रॅम लागते. गैरवापराच्या भीतीने 4 वर अडकवलेला रुग्ण संध्याकाळी अड्ड्यावर असतो, आणि नोंद होते 'औषध लागू पडले नाही' अशी.

गोळीसाठी केंद्रावरच्या रोजच्या रांगेचेही तसेच. रोजंदारीवरच्या माणसासाठी सकाळी दहाची खिडकी म्हणजे बुडालेला दिवस. कोविडच्या टाळेबंदीत पंजाबने दोन आठवड्यांच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. 2 मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिनमध्ये 0.5 मिलिग्रॅम नॅलॉक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध) घातलेली गोळी गैरवापर टाळण्यासाठीच असते: जिभेखाली नॅलॉक्सोनचा परिणाम नगण्य, पण हेरॉइन घेणाऱ्याने विरघळवून टोचली तर टर्की. स्थिर झालेल्या रुग्णांना आपल्याकडेही ही मुभा द्यावी, आणि 'बरा दिसतोय' म्हणून दोन-तीन महिन्यांत गोळी बंद करू नये.

सर्वांत तातडीचे नॅलॉक्सोन. उपचारात किंवा तुरुंगात नशा सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर पडून जुनीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच जिवावरचे. प्रत्येक डिस्चार्जसोबत 0.4 मिलिग्रॅमच्या दोन कुप्या आणि सिरिंज द्याव्यात, घरातल्या एकाला शिकवावे: 108 ला फोन, तोंडाने श्वास, मांडीच्या स्नायूत एक इंजेक्शन, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरे. औषधाचा असर तास-दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचेच.

आपले,
व्यसनोपचारात काम करणारे काही डॉक्टर व समुपदेशक