घोड्याच्या पायाला बांधायच्या कोल्ड-कम्प्रेशन बूटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सदोष बूट व चुकीच्या सूचनांमुळे घोडीला झालेली इजा, परतावा व भरपाईबाबत

महोदय,

पुण्याजवळ आमचा घोडेस्वारी शिकवणारा छोटा तबेला आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेल्या आमच्या काठेवाडी घोडीचा पुढचा डावा पाय सरावात दुखावला. नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सुजली होती, हात लावला तरी ऊब जाणवत होती. पशुवैद्यांनी सुरुवातीचे दोन-तीन दिवस थंडावा आणि हलका दाब द्यायला सांगितले, म्हणून गार जेलच्या पिशव्या आणि हवेचा दाब देणारा पंप असलेले तुमचे ₹१८,५०० किमतीचे बूट तातडीने मागवले.

या उपचाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, ठणका कमी होतो. दाब असला की सूज साठत नाही. पण दोन्ही गोष्टी बेताने द्याव्या लागतात. साधारण १५ ते २० मिनिटे थंडावा द्यायचा, मग पाय मोकळा सोडायचा, आणि दिवसातून पुन्हा पुन्हा हेच करायचे. तुमच्या जाहिरातीतही पंप ‘दाब भरतो, थांबतो, सोडतो’ असेच म्हटले आहे. आम्हाला मिळालेला पंप दाब भरतो आणि तिथेच अडकतो. हवा सुटतच नाही. शेवटी पंपाची नळी उपटून हवा काढावी लागली.

बूट काढले तेव्हा गुडघ्याच्या खाली, वरचा पट्टा जिथे बसतो तिथे, केस चपटे होऊन गोल वळ उठला होता. वळाच्या वर आणि खाली कातडी फुगलेली होती. डॉक्टरांनी अंगठ्याने दाबले तर खळगा तसाच राहिला. मूळ दुखणे खाली, नळीच्या मध्यावर होते. ही वरची जखम तुमच्या पट्ट्याने दिली.

जेलच्या पिशव्यांचेही तेच. फ्रीझरमधून काढल्यावर त्या फळीसारख्या ताठ असतात, पायाभोवती वळतच नाहीत. पुढच्या हाडाला बर्फ लागत राहतो आणि मागची टेंडन, जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती कोरडी राहते.

तुमच्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले, ‘घोडा मोठा प्राणी आहे, एवढ्या दाबाने त्याला काही होत नाही.’ हे उत्तर ऐकून मला फार राग आला. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली मांस नसतेच. हाड, टेंडन, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारे बंध) आणि वर पातळ कातडी, एवढेच. एरवी साधी पट्टीसुद्धा एका जागी जास्त आवळली गेली तर टेंडनला इजा होते, हे तबेल्यातला नवा पोरगाही जाणतो. आणि तुमच्या खोक्यावर छापले आहे, ‘रात्रभर वापरास सुरक्षित’! खुराच्या आतल्या सुजेत, म्हणजे लॅमिनायटिसमध्ये, पाय सलग दोन-तीन दिवस बर्फात ठेवतात हे खरे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बर्फ घातलेल्या पाण्यात. त्यावरून आवळणारा पट्टा रात्रभर ठेवायला सांगणे धोक्याचे आहे. किती वेळ ठेवायचे, उघड्या जखमेवर बांधू नये, बर्फ आणि कातडी यांच्यात पातळ कापड घालावे, यातली एकही सूचना तुमच्या पुस्तिकेत नाही.

आमचे मोतद्दार काका पूर्वी रेसच्या घोड्यांकडे होते. त्यांनी उंच टबात पाणी आणि बर्फ भरून घोडीला त्यात उभे केले. पाणी पायाला सगळीकडून सारखे लागते आणि पाण्याचा स्वतःचा हलका दाबही पडतो. टेंडनची गरमी त्याने उतरली. वळाची सूज मात्र रेंगाळली, तिच्यामुळे पट्टी बांधता येईना आणि सोनोग्राफीही पुढे ढकलावी लागली. टेंडन भरून यायला ९ ते १२ महिने लागू शकतात. अशा दुखण्यात सुरुवातीचे दिवस वाया जाणे किती महागात पडते, हे घोड्यांसाठी वस्तू बनवणाऱ्यांना सांगावे लागू नये.

तुमचे लेखी उत्तर आले त्यात ‘वापरामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही’ एवढेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. त्यामुळे बुटांची पूर्ण किंमत आणि वळाच्या उपचाराचा खर्च १५ दिवसांत मिळावा, अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, डॉक्टरांचा अहवाल आणि पायाचे फोटो सोबत जोडले आहेत. बूट आणि पंप जसेच्या तसे ठेवले आहेत, तुमच्या तंत्रज्ञाने येऊन झडप स्वतः तपासावी.

त्याहून तातडीची मागणी : ज्यांनी हे बूट घेतले आहेत त्या सर्वांना आजच कळवा की ते रात्रभर बांधून ठेवू नयेत. आणि खोक्यावरचे ते वाक्य काढेपर्यंत विक्री थांबवा.

आपली ग्राहक,
अश्वारोहण प्रशिक्षिका, पुणे