लांबच्या प्रवासाला दोन सीट पुरतात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत रोड ट्रिपवर लेख होता, त्यात लिहिलं होतं की लांब जायचं तर मोठी एसयूव्हीच पाहिजे, छोट्या गाडीत अंग आंबून जातं आणि सामान मावत नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहितोय. मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो, माझ्याकडे २०१७ ची माझदा मियाटा आहे, सेकंडहँड घेतलेली. दोनच सीट, मागे काही नाही, वर कापडी टप जो सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येतो. वजन १,०६० किलोच्या आसपास, डिकी १३० लिटरची, पेट्रोलची टाकी ४५ लिटरची. एवढ्याशा गाडीने मी दिवसाला चारपाचशे किलोमीटर कितीतरी वेळा केलेत आणि उतरल्यावर पाठ धरून बसावं लागलंय असं एकदाही झालं नाही.

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली आणि २०१६ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी बाहेर पडली. जगात दोन सीटची स्पोर्ट्स कार एवढी कुठलीच विकली गेली नाही. बनवणारे तिच्याबद्दल एक जपानी शब्द वापरतात, जिंबा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव झालेले. आपल्याकडे घोड्यावर मांड पक्की बसणं म्हणतात ना, अगदी तेच, घाटातल्या वळणावर ती गाडी कुठे आहे ते कमरेला कळतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. २०२३ च्या जूनमध्ये आई कोल्हापूरहून आमच्याकडे आली होती. बायकोला सुट्टी नव्हती, मुलीचा समर कॅम्प चालू, आणि मोठी गाडी त्या दोघींना लागणार, म्हणून मी आईला म्हटलं चल माझ्या गाडीत बस, आपण दोघंच जाऊ ब्लू रिज पार्कवेला. आई गाडीकडे बघत म्हणाली, "अरे, ही तर जमिनीला टेकलीय, मी उतरणार कशी?" उतरायची युक्ती आहे, आधी पाय दोन्ही बाहेर टाकायचे, मग दाराच्या उंबऱ्याला हात टेकून उठायचं, दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी उतरत होती.

पार्कवे म्हणजे व्हर्जिनियापासून नॉर्थ कॅरोलिनातल्या चेरोकीपर्यंत डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाणारा ४६९ मैलांचा रस्ता. त्यावर मालवाहू ट्रक नाहीत, सिग्नल नाहीत, होर्डिंग नाहीत, आणि पेट्रोल पंपही नाही, त्यामुळे टाकी अर्धी झाली की खाली गावात उतरून भरून घ्यायची. वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ मैल, म्हणजे सत्तरएक किलोमीटर. लोक या ४५ वर वैतागतात. मला विचाराल तर उघड्या गाडीसाठी याहून चांगला वेग नाही, कारण हायवेला सत्तर मैलांवर टप उघडा ठेवला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, कानात बोळे घालावे लागतात, आणि ४५ वर काचा वर करून बसलं की आवाज न चढवता निवांत बोलता येतं. आम्ही तीन दिवस बोललो. मी शाळेत होतो तेव्हापासून आईबरोबर सलग तीन दिवस एकटा असा कधी नव्हतोच, सुट्टीला गेलो की घर भरलेलं असतं, मोठ्या गाडीतून कुठे निघालो की ती मागच्या सीटवर नातवंडांना वेफर्स काढून देत असते. इथे मागची सीटच नाही. ती शेजारी, आणि समोर रस्ता.

ब्लोइंग रॉक गावापाशी आम्ही पार्कवेवर चढलो, तिथून चेरोकीपर्यंत साधारण पावणेदोनशे मैल. ग्रँडफादर माउंटनच्या अंगाला चिकटून लिन कोव्ह व्हायाडक्ट नावाचा पूल जातो, डोंगर फोडायचा नाही म्हणून तो अधांतरी बांधलाय, १९८७ मध्ये तो सुरू झाला तेव्हा कुठे १९३५ पासून चाललेलं पार्कवेचं काम पुरं झालं. क्रॅगी गार्डन्सला जांभळट गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले. एका पॉइंटवर थांबलो, एकामागे एक निळे डोंगर बघून आई म्हणाली आपल्या महाबळेश्वरच्या आर्थर सीटसारखंच आहे की रे. अख्ख्या पार्कवेवर २६ बोगदे आहेत, एक सोडून सगळे नॉर्थ कॅरोलिनात, टप उघडा असला की बोगद्यात शिरताना गार हवा डोक्यावर पडते, आणि खंडाळ्याला गाडी बोगद्यात शिरली की पोरं ओरडतात तशी माझी अडुसष्ट वर्षांची आई ओरडली. मग सांगायला लागली, लग्नानंतर बाबांच्या स्कूटरवर मागे बसून पन्हाळ्याला जायची तेव्हा पाऊस यायच्या आधी मातीचा वास यायचा, तसाच इथे येतोय. बाबांबद्दल त्या तीन दिवसांत मी जे ऐकलं ते बाबा गेल्यानंतरच्या नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता सामानाचं. कडक कवचाच्या सूटकेस घ्यायच्या नाहीत, मऊ कापडी बॅगा घ्यायच्या, कपड्यांच्या वळकट्या करायच्या, दोघांचं चारपाच दिवसांचं आरामात मावतं. टोपी अशी की दोरीने बांधता येईल. आणि सनस्क्रीन, ते विसरलात तर संध्याकाळी कपाळ सोलून निघतं, अकरा ते तीन आम्ही टप लावूनच ठेवायचो. रिमझिम पाऊस असला आणि गाडी वेगात असली तर पाणी डोक्यावरून निघून जातं, पण थांबलात की भिजलात. सीटमागे पाणी वाहून जायची भोकं असतात ती पानांनी तुंबतात, माझी एकदा तुंबली आणि गालिचा दोन दिवस ओला, तेव्हापासून निघायच्या आधी हात घालून साफ करतो. माझ्या गाडीत स्टेपनी नाही, फक्त पंप आणि सीलंट येतं, टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही आणि डोंगरात मोबाईलला रेंज नसते, म्हणून निघायच्या आधी टायर बघायचेच. परत येताना आय-८१ सारखा ट्रकांचा हायवे शक्यतो टाळा, ट्रकच्या चाकाच्या नटांच्या उंचीला आपलं डोकं असतं, ड्रायव्हरला आपण दिसतच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने पार्कवेवर दरडी कोसळल्या, रस्ता खचला, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग चालू आहे ते बघूनच निघावं.

तुम्ही म्हणाल हे अमेरिकेत ठीक आहे. माझदा भारतात गाड्या विकत नाही हे खरं, आणि आज आपल्याकडे उघडी टू-सीटर म्हणजे फार श्रीमंतांचंच काम झालंय. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची अशीच गाडी बनत होती, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, दोन सीट आणि उघडा टप. थोड्याच बनल्या. तुमच्या वाचकांपैकी कुणाकडे अजून चालती स्टॉर्म असेल आणि ती घेऊन कुणी आंबोलीच्या घाटात किंवा कोकणात लांब गेलं असेल, तर त्यांच्याकडून जरूर लिहून घ्या आणि त्याच पुरवणीत छापा. मी इथून वाचेन, आणि आईला फोनवर वाचून दाखवेन.

आपला,
एक वाचक
शार्लट, नॉर्थ कॅरोलिना