चुकीची पार्किंग नोटीस रद्द झाली, तरी भाड्याच्या गाडीची ॲडमिन फी आपोआप परत येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली, मिरज, तासगाव, विटा भागातली कितीतरी मुले आज इंग्लंडात नोकरीला आहेत. मे-जूनमध्ये आईवडील तिकडे जातात, चार-पाच जणांना फिरायला सोयीची म्हणून गाडी भाड्याने घेतली जाते. परत आल्यावर काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डाच्या हिशेबात 30 ते 45 पौंडांची, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेपाच हजार रुपयांची कपात दिसते. ती गाडी देणाऱ्या कंपनीची ‘ॲडमिन फी’. मागोमाग कुठल्यातरी खासगी पार्किंग कंपनीची नोटीस येते. नोटीस चुकीची असली तर मुलगा किंवा मुलगी भांडून ती रद्द करून घेते. फी मात्र सोडून दिली जाते, कारण ‘ती तर गाडीवाल्यांनी घेतली’. ही फी सोडू नये. ती कोणाकडे, कधी आणि कशी मागायची हे नीट कळावे म्हणून हे पत्र.

आधी नोटीस कोणाची ते पाहावे. नगरपालिकेच्या दंडाला आणि खासगी कंपनीच्या मागणीला तिकडे एकच संक्षेप आहे, पीसीएन. पालिकेचा दंड कायद्याने लावलेला असतो आणि त्याचे अपील वेगळ्या न्यायाधिकरणाकडे जाते. खासगी कंपनीची नोटीस म्हणजे कराराच्या पैशांची मागणी. तिची कमाल रक्कम 100 पौंड असते आणि 14 दिवसांत भरल्यास निदान 40 टक्के सूट मिळते. पुढचे सारे इंग्लंड आणि वेल्समधल्या खासगी नोटिशीबद्दल आहे.

फी उगवते ती अशी. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. पार्किंग कंपनी 2.50 पौंड भरून तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून, मालकाचे नाव घेते आणि नोटीस पाठवते भाड्याच्या कंपनीला. तिथला कारकून करार काढून तुमचे नाव कळवतो आणि त्या कामाची फी कार्डावर टाकतो. आपल्याकडच्या कार्ड-व्यवहारासारखा ओटीपी परदेशी व्यापाऱ्याला लागत नाही, म्हणून पैसे गेल्याचा मेसेज येईपर्यंत पत्ताही लागत नाही.

काही भाडे कंपन्या नाव कळवण्याऐवजी पार्किंगचे पैसे स्वतःच भरून टाकतात आणि फीसकट सगळे तुमच्याकडून वसूल करतात. हे सर्वांत घातक. पैसे भरले की पार्किंग कंपनीच्या लेखी प्रकरण मिटते आणि अपिलाचा दरवाजा बंद होतो. वास्तविक त्यांना भरण्याची सक्ती नसते. 2012 च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’च्या चौथ्या परिशिष्टात, परिच्छेद 13 मध्ये, भाडे कंपनीला 28 दिवस दिले आहेत. त्या मुदतीत तिने तीन कागद द्यायचे: त्या वेळी गाडी अमुक व्यक्तीकडे भाड्याने होती असे सहीचे निवेदन, भाडेकराराची प्रत आणि जबाबदारी स्वीकारल्याच्या ग्राहकाच्या सहीच्या कागदाची प्रत. एवढे दिले की कंपनी मोकळी. म्हणून कपातीचा मेसेज येताच, नोटीस हातात पडायची वाट न पाहता, भाडे कंपनीला त्याच दिवशी ईमेल करावा: पार्किंगचे पैसे भरू नका, परिच्छेद 13 प्रमाणे नाव कळवा, नोटिशीची प्रत पाठवा आणि करारातल्या कोणत्या कलमाखाली फी घेतली ते सांगा.

नोटिशी चुकतात त्या ठरावीक कारणांनी. भाड्याच्या गाडीचा नंबर पाठ नसतो, मशीनवर शून्याऐवजी ‘ओ’ दाबला जातो; पैसे भरलेले असतात पण भलत्याच नंबरावर. पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही व्यवसाय संघटनांच्या एकत्रित संहितेप्रमाणे अशी किरकोळ टंकचूक अपिलात दाखवली की नोटीस रद्द व्हायला हवी. दुसरे कारण दोन फेऱ्यांचे. सकाळी येऊन गेलात, संध्याकाळी पुन्हा आलात, मधले जाणे-येणे कॅमेऱ्याने टिपले नाही, आणि दिवसभर गाडी उभी होती असा हिशेब निघाला. तिसरे, सुपरमार्केटच्या ग्राहकांना मोफत असलेल्या जागेत आतल्या टॅबलेटवर नंबर टाकायचा राहिला. चौथे, भरलेली वेळ संपल्यावर बाहेर पडायला किमान 10 मिनिटे द्यावी लागतात, ती धरलेलीच नाहीत. आणि एक कारण फक्त भाड्याच्या गाडीचे: मधेच गाडी बिघडली, कंपनीने दुसरी दिली, पण अदलाबदलीची नोंद उशिरा झाली आणि दुसऱ्याची नोटीस तुमच्या नावावर आली. गाडी बदलताना तारीख, वेळ आणि दोन्ही नंबर असलेला कागद मागून घ्यावा. मशीनच्या पावतीची शाई उडते, तिचा फोटो तिथेच काढावा. पाटीचा फोटो, ॲपचा ईमेल, दुकानाचे बिल हेही जपावे.

सुपरमार्केट किंवा हॉटेलच्या आवारातली नोटीस असेल तर पहिला अर्ज पार्किंग कंपनीकडे न करता दुकानाच्या व्यवस्थापकाकडे करावा. जागा त्यांची, पार्किंग कंपनी त्यांनी नेमलेली. बिल दाखवले की त्यांच्या एका ईमेलवर नोटीस रद्द होऊ शकते. मात्र उत्तराची वाट पाहताना पार्किंग कंपनीकडच्या अपिलाची 28 दिवसांची मुदत हुकू देऊ नये.

अपिलात ‘मी गाडी लावली’ असे लिहू नये, ‘गाडी लावली होती’ असे लिहावे. अपील भाड्याने घेणारा म्हणून करायचे. चालक कोण हे सांगण्याची सक्ती नाही, आणि चालक माहीत नसेल तर पार्किंग कंपनीला कायद्याची प्रत्येक पायरी पाळावी लागते. परिच्छेद 14 प्रमाणे भाडे कंपनीचे कागद मिळाल्यापासून 21 दिवसांत पार्किंग कंपनीने तुम्हाला स्वतंत्र नोटीस द्यायची, सोबत मूळ नोटीस आणि ते तिन्ही कागद जोडायचे. ही जोडपत्रे अनेकदा नसतातच. ती नसतील तर भाड्याने घेणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, आणि हा मुद्दा अपिलात स्वतंत्रपणे मांडावा. अपील फेटाळले गेले तर कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे पोपला किंवा आयएएस या स्वतंत्र अपील यंत्रणेकडे जाता येते. पोपलासाठी फेटाळणीच्या पत्रातला कोड लागतो आणि 28 दिवसांत अर्ज करावा लागतो.

इथेच बहुतेकांची गफलत होते. पोपला फक्त नोटीस वैध की अवैध एवढेच ठरवते; नुकसानभरपाई द्यायला सांगण्याचा अधिकार तिला नाही. तिथे जिंकलात तरी फीचा एक पेनीही मिळत नाही. फीची मागणी पहिल्याच अपिलात, पार्किंग कंपनीकडे, आकड्यासह नोंदवावी. मुद्दा सरळ आहे. गाडी भाड्याच्या कंपनीच्या नावावर आहे हे नोंदणी कार्यालयाच्या उत्तरातच दिसते, आणि अशी नोटीस गेली की ग्राहकाला फी बसते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पैसे भरलेले असताना, किंवा जागा मोफत असताना, पाठवलेली नोटीस हा त्यांचा करारभंग, आणि फी हे त्याचे थेट, आधीच दिसणारे नुकसान. अर्जाला भाडेकराराचे पान, कार्डाच्या हिशेबाचे पान आणि पार्किंगच्या पैशांचा पुरावा जोडावा. रद्द करतो पण भरपाई देत नाही, असे उत्तर आले तरी ते जपून ठेवावे. ‘रद्द’ हा लेखी शब्दच पुढचा आधार आहे.

ते पत्र घेऊन भाडे कंपनीकडेही जावे, पण तिथे भाषा वेगळी हवी. तिने काम केले आहे, करारात कलम आहे. तिला चोर ठरवून काही साधत नाही. काही करारांत अपील यशस्वी झाल्यास फी परत, असे लिहिलेले असते. तसे असेल तर काम सोपे. नसेल तर 2015 च्या ‘कन्झ्युमर राइट्स ॲक्ट’मधल्या कलम 62 कडे लक्ष वेधावे: ग्राहकाची चूक नसतानाही त्याच्यावर बोजा टाकणारी एकतर्फी अट अन्याय्य ठरू शकते. कंपनी बीव्हीआरएलए या भाडे कंपन्यांच्या संघटनेची सभासद असेल तर तिथल्या तडजोड सेवेकडे तक्रार करता येते. परतावा पौंडांत आणि त्याच कार्डावर मागावा. परत आल्यावर घाईने ते कार्ड बंद करू नये, पैसे अडकतात. दर बदलल्याने रुपयांत थोडा फरक पडणार, आणि बँकेचा परकीय चलन अधिभार बहुधा परत येत नाही.

बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागण्याचा सल्ला सगळेच देतात, पण तो केव्हा चालतो ते सांगत नाहीत. करारावर सही आहे आणि नोटीस खरोखर आली होती, एवढे दाखवले की भाडे कंपनी जिंकते. चार्जबॅक टिकतो तो फी करारातल्या रकमेपेक्षा जास्त घेतली असेल, दोनदा कापली असेल किंवा परत करू असे लेखी देऊनही जमा केली नसेल तेव्हा. सहसा 120 दिवसांची मर्यादा असते, म्हणून बँकेला लगेच लेखी कळवावे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क जाता येते.

पार्किंग कंपनी ढिम्म राहिली तर शेवटचा उपाय तिथल्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयाचा. आधी 14 दिवसांची मुदत देणारे पत्र, मग ऑनलाइन दावा. 300 पौंडांपर्यंतच्या दाव्याला 35 पौंड शुल्क आहे आणि जिंकल्यास तेही वसूल होते. दावेदाराचा पत्ता मात्र ब्रिटनमधला लागतो. त्यामुळे गाडी तिथे राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर घ्यावी हे उत्तम. नोटीसही मग सांगलीपर्यंत येण्यात मुदत गमावत नाही.

नोटिशीकडे दुर्लक्ष करावे असा सल्लाही फिरतो. तो मानू नये. नोटीस हा गुन्हा नाही आणि तिचा व्हिसावर परिणाम होत नाही. पण दावा दाखल होऊन एकतर्फी निकाल लागला तर तो त्या मुलाच्या पत-नोंदीवर सहा वर्षे राहू शकतो, आणि ब्रिटिश व्हिसाच्या अर्जात दिवाणी निकालांबद्दल प्रश्न असतो.

गाडी इथूनच, सांगलीतल्या ट्रॅव्हल एजंटमार्फत किंवा भारतीय संकेतस्थळावरून घेतली असेल आणि फीची अट आरक्षणाच्या वेळी दाखवली नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, त्या एजंटाविरुद्ध तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आपल्या भागातल्या एजंटांना आमची विनंती आहे की आरक्षणाच्या पावतीवर ॲडमिन फीची रक्कम आणि ती परत मिळण्याची अट मराठीत छापावी, आणि करारात ग्राहकाचा रोज पाहिला जाणारा ईमेल न चुकता भरावा.

आपले,
ग्राहक तक्रारींचे काम करणारे काही वाचक, विश्रामबाग, सांगली