आभार नेमके माना

महोदय,
प्रार्थनेत ‘सगळ्यासाठी आभार’ एवढं म्हणून थेट मागण्यांकडे वळलं, की आभार तोंडपाठ होऊन बसतात, कारण काही आठवावंच लागत नाही. रात्री पाच मिनिटं काढा. दिवस सकाळपासून उलगडा, तीनच गोष्टी नावानिशी घ्या, जसं: ताप उतरला, कुणी चूक न ओरडता दाखवली. प्रत्येकीपाशी क्षणभर थांबा, मगच मागणं. बायबलमधलं स्तोत्र 136 असंच चालतं: सृष्टी, मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएल लोकांची सुटका, अन्न, 26 वचनांत (श्लोकांत) एकेक उपकार मोजून.

दुःखात मात्र बळेच आभार नकोत, ती देवाशी लपवाछपवी ठरते. स्तोत्र 13 आक्रोशानेच सुरू होतं. सहाव्या, शेवटच्या वचनात गाणं येतं. आधी रडून घ्या.

– एक वाचक