जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेट सांभाळा

महोदय,

वडिलांनी १९६८ साली घेतलेली फियाट आम्ही आजही जपून वापरतो. गेल्या महिन्यात ती साताऱ्यात राजवाड्याजवळ रात्रभर उभी होती. सकाळी मागची नंबरप्लेट गायब! जुन्या पेंटरने हाताने रंगवलेली पत्र्याची पाटी, दोन साध्या स्क्रूंवर बसवलेली. बंपरवर तेवढी दोन गंजकी भोकं उरली. पाटी परत मिळणार नाही याचं दुःख आहेच, पण खरी धास्ती वेगळी. तो नंबर दुसऱ्या गाडीला लावून कोणी गुन्हा केला, तर पोलीस आमच्या दारात येणार. तक्रार द्यायला गेलो तेव्हा ‘पत्र्याचा तुकडाच ना?’ असं ऐकावं लागलं. तरीही लेखी पोच घेऊनच उठलो. तीच पुढे आपली ढाल.

२०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. तिचं लॉक तोडल्याशिवाय निघत नाही आणि एकदा काढलं की पुन्हा बसत नाही. आम्ही चालढकल केली, ती अंगाशी आली. जुन्या गाडीवाल्यांनी ती आधी बसवून घ्यावी. मूळ पाटी आठवण म्हणून घरात, कपाटात ठेवावी. दोन्ही पाट्यांचे आणि चासी नंबरचे फोटोही काढून ठेवावेत.

भंगारवाल्यांनी सुट्या नंबरप्लेट विकत घेऊ नयेत, अशी सक्त ताकीद पोलिसांनी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शाहूपुरी, सातारा