बोंडअळी हा पापाचा दंड नव्हे

संपादक महोदय,

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यांत ख्रिस्ती प्रार्थनासभांना गर्दी होते. त्याच सुमारास कापसाचा हंगाम आवरत आलेला असतो आणि उधारीवाले दारात असतात. अशा वेळी काही वक्ते बेधडक सांगतात, ‘घरात पाप आहे म्हणून पीक गेले. कबूल करा, दान ठेवा, शेत पुन्हा पिकेल.’ ख्रिस्ती शिकवणुकीत हे बसत नाही, आणि कर्जाने आधीच खचलेल्या माणसाला तर ते घातक आहे.

आधार दिला जातो बायबलातल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा. तिथे भूमीला शाप आहे, काटे-कुसळे आहेत, घाम गाळून भाकर खाणे आहे. पण तो शाप गावातल्या एखाद्या गट नंबरावर पडलेला नाही, सबंध मानवजातीच्या वाट्याला आलेला आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने हेच मांडले आहे: एका माणसामुळे पाप जगात आले आणि सगळेच त्याखाली आले. सगळ्यांत मंचावरचा वक्ताही आला. त्याच तिसऱ्या अध्यायात पाप घडल्यावर लगेच काय झाले तेही वाचावे. अंजिराची पाने शिवून अंग झाकले, झाडांआड लपले, आणि विचारणा होताच आदामाने बायकोकडे बोट दाखवले, तिने सापाकडे. (ते फळ सफरचंद होते असे मात्र तिथे कुठेही लिहिलेले नाही.) शेजाऱ्याचे पीक बुडाले की त्याचे पाप हुडकत बसणे ही तीच जुनी खोड आहे.

येशूने या खोडीला स्पष्ट उत्तर दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे दबून मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असे त्याने स्वतःच विचारले आणि स्वतःच ‘नाही’ म्हटले (लूक 13). वर ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणाचे, याचे की आईबापाचे?’ असे विचारले, तेव्हाही त्याने दोन्ही नाकारले (योहान 9).

बोंडअळीचे कारण शेतातच सापडते. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कहर केला, कारण बीटी वाणांतल्या, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या वाणांतल्या, दोन्ही विषांना ती सरावली होती. अळी विषाला सरावू नये म्हणून लावायच्या बिगर बीटी आश्रयाच्या ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेले पीक) मार्चपर्यंत ठेवली, पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) ढीग बांधावरच राहिले. अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) दिसताच तोडून नष्ट करायच्या, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-आठ पतंग सापडले तर फवारणी करायची, आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करायचे. यातले एकही काम प्रार्थनेच्या आड येत नाही.

दान ठेवले की तारण (पापातून सुटका) मिळते, हेही खोटे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, कर्माने नाही (इफिस 2). पैसे देऊन देवाचे दान घेऊ पाहणाऱ्या शिमोन जादूगाराला प्रेषित पेत्राने फटकारले आहे (प्रेषितांची कृत्ये 8). 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचे भांडण पेटले तेही पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्यावरूनच. आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लूथरन मंडळ्यांनी माणूस कृपेनेच नीतिमान ठरतो या मूळ मुद्द्यावर एकत्र सह्या केल्या.

मग शेतकऱ्याला पापाबद्दल काहीच सांगायचे नाही का? सांगायचे, पण जे त्याच्या हातून खरोखर घडते ते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते आहे. आपल्याकडे ती वेचणीच्या काट्यावर ओरडते. समजा, बाईने 30 किलो कापूस वेचला आणि ओल नसतानाही ‘ओल आहे’ म्हणून 3 किलो कापले. किलोला 10 रुपये मजुरी धरली तर 30 रुपये गेले. दहा बायका, पंधरा दिवस, म्हणजे 4,500 रुपये. लेवीय 6 प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे 5,400 रुपये परत करायचे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने याहून कडक माप लावले. मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर निर्गम 22 मध्ये चौपट भरपाई आहे, तीच त्याने स्वतःला लावून घेतली. त्या मापाने 18,000 होतात. मात्र येशू त्याच्या घरी गेला तो या घोषणेच्या आधी. परतफेड करून त्याने येशूला विकत घेतले नाही. विश्वास आला म्हणून थैली सैल झाली. लोक नेमका हाच क्रम उलटा करतात.

हा पैसा जायचा कुठे, हेही गणना 5 मध्ये ठरवून दिले आहे: ज्याचे नुकसान केले त्याच्या हातात. तो हयात नसेल आणि त्याचा जवळचा नातलगही नसेल, तरच याजकाकडे. वेचणाऱ्या बाया त्याच गावात राहतात, त्यांची घरे सगळ्यांना ठाऊक आहेत. तेव्हा हे 5,400 रुपये दानपेटीत टाकायला सांगणाऱ्या वक्त्याला मंडळीने हा उतारा उघडून दाखवावा.

— एक पाळक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ